सार व्हॅल्यू ०.९८ की १.१९: कोणता फोन घ्यावा?

प्रश्न (कुंपणावरचा)
दोन फोनांवर येऊन अडलोय. डोक्याजवळची सार व्हॅल्यू, म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप, एकाची ०.९८ वॉट प्रति किलो, दुसऱ्याची १.१९. बाकी सगळं जवळपास सारखंच. रोज दोनेक तास कॉल असतात. पहिला घेतला तर खरंच फरक पडेल? आणि मागे चिकटवायची ती ‘अँटी रेडिएशन चिप’ घ्यावी का?

डेसिबल
आधी दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत ना ते बघा. अमेरिकेत आणि भारतात मर्यादा १.६, सरासरी १ ग्रॅम ऊतीवर. युरोपात २, पण सरासरी १० ग्रॅमवर. जास्त ऊतीवर सरासरी काढली की सर्वात जास्त ऊर्जा शोषणाऱ्या जागेचा आकडा खाली येतो. एक आकडा युरोपच्या साइटवरून उचलला असेल तर तुलनाच बाद.

दुसरं म्हणजे, हा आकडा कमाल पॉवरचा असतो. डोक्याच्या आकाराच्या साच्यात ऊतीसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात, फोन गालाच्या जागी टेकवून पूर्ण ताकदीने ट्रान्समिट करायला लावतात आणि रोबोचा हात द्रवात प्रोब फिरवत मोजत जातो. खऱ्या कॉलमध्ये नेटवर्क फोनची पॉवर सतत कमीजास्त करत असतं. ४जी फोनची कमाल साधारण २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट. सिग्नल चांगला असला की ० डीबीएमवर, म्हणजे १ मिलिवॉटवरही भागतं. दोनशे पटींचा खेळ आहे हा. त्यापुढे ०.९८ काय नि १.१९ काय! कॅमेरा आवडेल तो घ्या.

तांब्याची_जाळी
चिप अजिबात नको. एक तर ती काहीच करत नाही. आणि खरोखर धातूची असून अँटेनावर बसलीच, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन पॉवर वाढवतो, बॅटरीही लवकर उतरते. धातूच्या कव्हरचंही तेच.

डेसिबलशी सहमत, फक्त एक भर: १ मिलिवॉट साध्या आवाजाच्या कॉलला. व्हिडिओ कॉलमध्ये अपलोड जास्त, म्हणून त्याच जागी पॉवरही जास्त लागते.

कुंपणावरचा
आमचं ऑफिस तळघरात आहे, जेमतेम एक दांडी येते. मग?

डेसिबल
मग तुमचा प्रश्न फोनचा नाहीच, जागेचा आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘फोनविषयी’त सिम स्टेटस उघडा. तिथे येणाऱ्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. ४जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर निवांत. उणे ११०च्या खाली गेलं की फोन जवळपास पूर्ण जोर लावतोय असं समजा. ऑफिसचं वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. नसेल तर वायरचे इअरफोन लावून फोन टेबलावर ठेवा. इअरफोन लावून फोन खिशात ठेवलात तर डोकं सुटलं, मांडी अडकली. शरीराजवळची चाचणी बहुतेक वेळा काही मिलिमीटर अंतर सोडून करतात; नेमकं किती ते मॅन्युअलच्या बारीक अक्षरात सापडेल.

तांब्याची_जाळी
मर्यादा कुठून आल्या तेही सांगतो, कारण १.५९ सुरक्षित आणि १.६१ घातक असं काही नसतं. संपूर्ण शरीराला सरासरी ४ वॉट प्रति किलो मिळाले की तापमान साधारण १ अंशाने वाढू शकतं. त्याच्या दहाव्या भागावर, ०.४ वर, कामगारांची मर्यादा ठेवली आणि पन्नासाव्या भागावर, ०.०८ वर, सामान्य लोकांची. १.६ आणि २ हे त्याच हिशेबातले, पण शरीराच्या एकाच भागापुरते. हा सगळा हिशेब उष्णतेचा. कर्करोगाबद्दल विचाराल तर आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, २०११ मध्ये फोनच्या रेडिओ लहरी ‘२ब’ गटात टाकल्या, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा मर्यादित. तेवढ्यासाठी फोन बदलू नका, इअरफोन लावा.