चिनी बँकांचं कौतुक, पण कशाच्या जोरावर?

चौकस
रोखठोक यांनी काल लिहिलं, "शंभर रुपये मिळवायला चिनी बँकांना तीस रुपये खर्च येतो, आपल्या सरकारी बँकांना पन्नास. ते पुढे गेले, आपण तिथेच." वाचून राहवलं नाही. आकडे साधारण बरोबर आहेत, अर्थ साफ चूक. चीनमध्ये ठेवींच्या व्याजाला 2015पर्यंत सरकारी कमाल मर्यादा होती आणि कर्जाच्या दराला 2013पर्यंत किमान. मधला फरक बँकेला आयता. उत्पन्न असं फुगलं की खर्चाचं प्रमाण कमी दिसणारच. पैसे गेले ते ठेवीदाराचे. त्यात 1999 साली चार मोठ्या बँकांची 1.4 लाख कोटी युआनची थकीत कर्जं खास त्यासाठी काढलेल्या नव्या सरकारी कंपन्यांनी उचलली, तीही पुस्तकी किमतीला, म्हणजे वह्यांतल्या पूर्ण रकमेला! 2003 अखेर दोन बँकांना देशाच्या परकीय चलनसाठ्यातून 4500 कोटी डॉलर मिळाले, ते वेगळेच.

रोखठोक
बचत खात्याचा दर 2011पर्यंत आपल्याकडेही रिझर्व्ह बँकच ठरवायची, हे सोयीनं विसरलात. 2017मध्ये सरकारी बँकांत 2.11 लाख कोटी रुपयांचं नवं भांडवल घालायचं जाहीर झालं, त्यातला मोठा वाटा सरकारचाच. त्यांनी वीस वर्षांपूर्वी साफसफाई केली. आपण 2015मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांची कर्जं तपासायला घेतली तोपर्यंत झाकून ठेवलं आणि मार्च 2018ला ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जातला थकलेला वाटा, 11.2 टक्क्यांवर गेला.

काउंटरपलीकडून
खर्च, खर्च काय लावलंय? तो खर्च म्हणजे आम्ही बँकेतली माणसं. 2001च्या स्वेच्छानिवृत्तीत आमच्या शाखेतले अकरापैकी चार जण गेले, बदली कुणी आलं नाही. पुढे जनधन, आधार जोडणी, हयातीचे दाखले आणि वर विम्याचं टार्गेट. मार्चमध्ये रोज संध्याकाळी वरून फोन, "पॉलिसी किती झाल्या?" पीककर्जाच्या फायली पडून राहिल्या. त्या वर्षी शाखेला उत्तम शेरा मिळाला.

सुमेधा
विम्याचं काढलंत म्हणून लिहिते. माझी आई मुदत ठेव नूतनीकरणाला गेली आणि दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी घेऊन आली. वय 71. दोन वर्षं पत्रव्यवहार केला, निम्मे पैसे गेले. कागदावर तुमच्यासारख्याच कुणाची तरी सही होती.

काउंटरपलीकडून
सही केली नसती तर बदली ठरलेली. पण हो, असे कागद माझ्याही हातून गेलेत. ते नाकारत नाही.

रोखठोक
विषय चीनचा आहे, विम्याचा नाही!

चौकस
विषय हाच आहे. ते कमिशन उत्पन्नात धरलं की बँकेचं खर्चाचं प्रमाण सुधारतं. सुमेधाताईंच्या आईचं नुकसान त्यात कुठे दिसतं? 2022 साली चीनच्या हेनान प्रांतातल्या ग्रामीण बँकांत लोकांच्या ठेवी अडकल्या, ते तरी कुठल्या सरासरीत दिसलं?

रोखठोक
बरं, 2015पूर्वीची तुलना मागे घेतो. पण आता तिथला व्याजफरक 2024 अखेर 1.52 टक्क्यांवर आलाय, आपला तीनच्या आसपास. तरी त्यांचं खर्चाचं प्रमाण आपल्यापेक्षा कमीच. त्याचं काय?

चौकस
ते मान्य करावं लागेल. मात्र तिथे सरकारी कंपनीला एक प्रचंड कर्ज आणि इथे हजार पीककर्जं, यातलं कागदकाम सारखं नसतं. आपल्या बँकांना 40 टक्के कर्ज शेती, लहान उद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला द्यावंच लागतं.

काउंटरपलीकडून
आणि त्या हजार फायली बघायला शाखेत माणसं किती, तेवढं विचारा.