सायकल अपघाताची भरपाई : चार लाखांच्या तडजोडीवर सही करावी का?

ए-304 : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. सिंहगड रस्त्यावर पहाटे सायकलवरून जाताना ह्यांना मागून टेम्पोने धडक दिली आणि उजव्या मनगटात प्लेट बसवावी लागली, हे आपणा बहुतेकांना ठाऊक आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल झाला असून, टेम्पोच्या विमा कंपनीने येत्या शनिवारच्या लोकअदालतीत एकरकमी 4,00,000 रुपये देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली आहे. ही रक्कम रास्त आहे की नाही, हे कसे ठरवावे?

बी-503 : वहिनी, माझ्या मेव्हण्याचा दावा सहा वर्षे रेंगाळला आणि तेवढ्या काळात घरातले सगळेच थकले. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे मला मनापासून वाटते.

सी-102 : मोटार दाव्यांच्या विभागात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील करता येत नाही. पुढे मनगट आणखी आखडले तरी प्रकरण पुन्हा उघडणार नाही. त्यामुळे शनिवारची तारीख हे सही करण्याचे कारण होऊ शकत नाही.

वहिनी, तुम्ही पाठवलेले आकडे मी कागदावर मांडून पाहिले. रुग्णालयाचा खर्च 2,10,000 रुपये. दुकान चार महिने बंद राहिल्याने दरमहा 30,000 प्रमाणे बुडालेले उत्पन्न 1,20,000 रुपये. म्हणजे 3,30,000 रुपये तर झालेल्या नुकसानातच गेले. उरलेल्या 70,000 रुपयांत प्लेट काढण्याची पुढची शस्त्रक्रिया, सोसलेल्या वेदना आणि यापुढे आयुष्यभर कमी होणारी कमाई, हे सारे बसवायचे आहे.

मेडिक्लेमने भरलेले 1,40,000 रुपये कंपनी खर्चातून वजा करू पाहते, तेही मान्य करू नका. तुम्ही स्वतः हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून कापता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये स्पष्ट केले आहे.

आता मुख्य मुद्दा. परवा मी घड्याळाचा सेल बदलायला दादांच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या, घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चिमट्याने स्क्रू उचलला आणि तो तीनदा निसटला. शेवटी त्यांनी चिमटा डाव्या हातात घेतला. दाव्यात सिद्ध करायचे आहे ते नेमके हेच. हाताचे अपंगत्व 20 टक्के असले म्हणून कमाईही 20 टक्क्यांनीच घटली, असे कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितले आहे की अपंगत्वाचा त्या माणसाच्या प्रत्यक्ष व्यवसायावर काय परिणाम झाला, हे पाहायचे. डावा हात गेलेल्या चालकाचे किंवा सुताराचे नुकसान आणि त्याच दुखापतीच्या कारकुनाचे नुकसान सारखे नसते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे मनगट हीच त्याची रोजीरोटी.

दादांचे वय 44, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातील (2009) कोष्टकाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्या आकड्याने गुणायचे तो, 14 लागतो. स्वयंरोजगार असलेल्या 40 ते 50 वयाच्या व्यक्तीसाठी प्रणय सेठी निकालाने (2017) कमाईतल्या भावी वाढीचे 25 टक्के जादा धरायला सांगितले आहेत. वर्षाचे 3,60,000 अशा रीतीने 4,50,000 होतात, आणि कमाईची घट अगदी 10 टक्के धरली तरी 4,50,000 गुणिले 14 याचे दहा टक्के, म्हणजे 6,30,000 रुपये होतात. त्यात आधीचे 3,30,000 मिळवले की 9,60,000 होतात, आणि वेदनांची व पुढच्या शस्त्रक्रियेची रक्कम अजून धरलेलीच नाही.

बी-503 : पण पहाटे अंधार होता आणि दादांनी हेल्मेट घातले नव्हते, असा कंपनीचा मुद्दा आहे ना?

सी-102 : मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती सायकलला लागू नाही, शिवाय इजा मनगटाला झाली आहे, डोक्याला नाही. अंधाराचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. पंचनाम्यात सायकलच्या मागच्या दिव्याची नोंद आहे का, ते पाहा. दिवा नव्हता असे ठरले तर निष्काळजीपणाचा काही वाटा दादांवर येऊन रक्कम त्या प्रमाणात घटू शकते, आणि तडजोडीत हा धोका हिशेबात धरणे मला योग्य वाटते. उशिराची तुमची काळजीही रास्त आहे, पण दावा दाखल झाल्यापासून व्याजही मिळू शकते, हे विसरू नका. म्हणून माझ्या मते साडेआठ लाखांच्या आसपास कंपनी आली तर मिटवावे. चार लाखांना मुळीच नाही.

आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती आल्याखेरीज कोणत्याच आकड्यावर सही करू नका. उपचार पूर्ण होऊन मनगट कितपत वळते ते स्थिरावल्यावरच शासकीय रुग्णालयातून ते घ्या. वकिलांनी भरपाईत टक्केवारी मागितली असेल, तर तसे ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हेही जाणून असा. गरज पडली तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला मिळेल.

ए-304 : काका, शनिवारी सही करायची नाही, असे आम्ही दोघांनी आत्ताच ठरवले. वकिलांना पुढची तारीख मागायला सांगते. दुकानाच्या दुरुस्तीच्या वह्या आणि तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे काढून ठेवली आहेत. पंचनाम्याची प्रत मिळाली की ती घेऊन उद्या संध्याकाळी तुमच्याकडे येतो.