मदत हवी आहे: आईचा हयातीचा दाखला, ३० नोव्हेंबर तोंडावर

सुदामानगर_इंदूर: आई ८१ वर्षांची. मशीनवर बोट उमटतच नाही, बँकेतून दोनदा परत पाठवलं. घरी दाखला काढायचं जीवन प्रमाण अ‍ॅप टाकलं तर ते माझाच चेहरा मागतंय! लवकर सांगा, पेन्शन थांबेल.

रामबागकर: पेन्शन केंद्राची, राज्याची की पीएफची? आईची स्वतःची की वडिलांमागे मिळणारी फॅमिली?

टपालपेटी: अ‍ॅपच्या नादी लागूच नका. पोस्टमन घरी येऊन करून देतो.

खटपट्या: त्याच्याही यंत्रावर बोट नाही उमटलं तर?

टपालपेटी: तेही चेहऱ्यावर करतात. माहीत नसेल तर उगाच फाटे फोडू नका.

खटपट्या: बरं. ताई, अ‍ॅप बरोबरच मागतंय. आधी ‘ऑपरेटर’ची, म्हणजे दाखला काढून देणाऱ्याची, ओळख पटवायची असते: तुमचा आधार, तुमचा ओटीपी, तुमचा चेहरा. मग पुढच्या पानावर आईचा आधार. सोबत ‘आधार फेस आरडी’ अ‍ॅप हवंच, नाहीतर कॅमेरा उघडत नाही. आईंना खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे कोरी भिंत, चष्मा काढलेला. ट्यूबलाइट मागे असली की चेहरा काळा पडतो. पापणी मिटून उघडायला सांगा, एकटक बघत राहिल्या तर फोटो घेत नाही.

आजोबा_७४: सत्तरीवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. काढलंत का?

सुदामानगर_इंदूर: काका, ते नंतर. बाबा पिथमपूरला खाजगी कंपनीत होते. आता आईला मिळते.

रामबागकर: हे आधी सांगायचं ना! म्हणजे ईपीएस-९५ ची, पीएफवाल्यांची, विधवा पेन्शन. तिला नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला दिल्यापासून १२ महिने चालतो. मागची पावती बघा. अ‍ॅपमध्ये ‘फॅमिली’ निवडा आणि पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक आईच्या कागदावरचाच टाका, चुकला की दाखला निघतो पण पुढे नामंजूर होतो.

टपालपेटी: ऐंशीनंतर २०% वाढ असते, तीही मागा.

रामबागकर: ती सरकारी पेन्शनला. ईपीएसला नाही.

सुदामानगर_इंदूर: पावती पोथ्यांच्या कपाटात सापडली, यंदाच्या १४ जानेवारीची, म्हणजे अजून चालू आहे! उद्या सकाळी आईला खिडकीपाशी बसवते.

खटपट्या: मेसेज आला म्हणजे झालं असं नाही. चार दिवसांनी जीवन प्रमाणच्या पोर्टलवर प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) टाकून ‘मंजूर’ दिसतंय का बघा.