बाप्तिस्म्याआधीचे तीन रविवार: गरज की अडवणूक?

सातारकर आई:
परवा एका बांधवाने येथे लिहिले की, आपल्या कॅथलिक चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आईवडिलांना तीन रविवार तयारीच्या वर्गात बसवणे म्हणजे देवाची कृपा शिधापत्रिकेवर वाटण्यासारखे आहे. ते वाक्य दोन दिवस माझ्या मनातून जाईना, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

माझ्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा कोणत्याही तयारीविना झाला. हॉल ज्या दिवशी मोकळा होता ती तारीख सासऱ्यांनी धरली, आचारी ठरला, मुंबईहून पांढरा झगा आला आणि आम्ही दोघे चर्चच्या दारात जाऊन उभे राहिलो. फादरांनी विचारले, "या बाळासाठी तुम्ही देवाच्या चर्चकडे काय मागता?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो, शेवटी मागे उभ्या असलेल्या चुलत सासूबाईंनी "बाप्तिस्मा" असे उत्तर दिले. पुढे पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती नवऱ्याच्या हाती आली, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "साहेब, ती बाजूला धरा, बाळाचा चेहरा झाकतोय." नवऱ्याने ती फुंकली आणि खिशात ठेवली. त्याच वर्षी भारनियमनाच्या एका रात्री ती आमच्या ओट्यावर जळून संपली. मेणबत्ती संपल्याचे मला दुःख नाही. ती कशाची होती हे आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, याची खंत आजही आहे.

धाकटीच्या वेळी आम्ही तीनही रविवार बसलो. छातीवर एक तेल आणि टाळूवर दुसरे तेल का लावतात, सैतानाचा त्याग आम्ही कोणाच्या वतीने उच्चारतो, हे तेव्हा कळले. खास तान्ह्या बाळांसाठी रचलेला विधी 1969 मध्ये आला आणि त्यात आईवडिलांच्या तोंडी उत्तरे आली, हेही तेथेच समजले. त्याआधी सगळी उत्तरे धर्ममातापित्यांची, म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेऊन उभे राहणाऱ्यांची, असत. माझ्या आजीला तर बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येण्याचीही मुभा नव्हती, तिच्या मुलांचा बाप्तिस्मा तिने पाहिलाच नाही. जे आजीला मिळाले नाही ते आपल्याला मिळते आहे. त्याला अडवणूक म्हणू नये.

दहिवडीचा बाप:
ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. ताई, आपण साताऱ्यात राहता, चर्च आपल्या दाराशी आहे. आम्हाला पुसेगावमार्गे दोन तास एसटीने यावे लागते. पत्नीच्या पोटावरचे टाके ओले असताना आणि महिन्याचे बाळ पदराखाली घेऊन पहिल्या रविवारी आम्ही पोहोचलो, तर वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होईल असे सांगण्यात आले. कॅथलिक चर्चच्या नियमांच्या ग्रंथाचे, 1983 च्या धर्मसंहितेचे, कलम 867 सांगते की, आईवडिलांनी बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत करून घ्यावा. मग नियम कोण मोडत आहे?

माझी आजी निरक्षर होती. तिची एक मुलगी अकराव्या दिवशी बाप्तिस्म्यावाचून गेली. म्हातारपणी दृष्टी गेल्यावरही ती त्या मुलीसाठी रोज संध्याकाळी वेगळी प्रार्थना म्हणत असे, कारण ती मुलगी देवाजवळ पोहोचली की नाही, हे तिला कोणी कधी सांगितले नाही. त्या घरात वाढलेल्या माणसाला "पुढच्या महिन्यात या" असे सांगू नये.

निवृत्त धर्मशिक्षक, वाई:
आपल्या आजीबद्दल वाचून मी बराच वेळ थांबलो. कोणीतरी तिला सांगायला हवे होते. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे, असे रोमच्या ईशज्ञान आयोगाने, म्हणजे चर्चच्या धर्मविद्वानांच्या मंडळाने, 2007 मध्ये स्पष्टपणे मांडले, आणि ज्यांच्या आईवडिलांची बाप्तिस्म्याची इच्छा होती अशा बाळांना ख्रिस्ती अंत्यविधी देण्याची मुभा कलम 1183 मध्ये आहे. जिवाला धोका असेल तर कोणताही वर्ग आड येत नाही. तेथे विलंब न करण्याचाच नियम आहे.

मात्र कलम 867 आपण अर्धेच वाचले आहे. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, आईवडिलांनी जन्मानंतर लवकरात लवकर, किंबहुना जन्मापूर्वीच धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातील चर्चच्या, फादरांकडे जावे, बाप्तिस्मा मागावा आणि तयारी करून घ्यावी. तयारीचा काळ सातव्या महिन्यातला आहे. डोहाळजेवणाला आपण पन्नास माणसे जेवू घालतो, त्याच सुमारास तीन रविवार काढणे अशक्य नाही. शिवाय कलम 868 नुसार मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा नसेल तर बाप्तिस्मा लांबणीवर टाकायचा असतो, नाकारायचा नसतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. धर्ममातापिता निवडताना लोक श्रद्धा पाहत नाहीत, सोन्याची साखळी कोण घालील ते पाहतात. मी शिकवलेल्या एका मुलाचे धर्मपिता बाप्तिस्म्यानंतर आखातात गेले ते त्याच्या प्रथम कम्युनियनलाही, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या दिवशीही, आले नाहीत. धर्मपिता सोळा वर्षांवरील, दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा पुढचा संस्कार) झालेला आणि श्रद्धेला साजेसे जगणारा कॅथलिक असावा, असे कलम 874 सांगते. साखळीचा उल्लेख त्यात कोठेही नाही.

मिरजेची आत्या:
सरांनी विषय काढलाच आहे तर मला बोलू द्या. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चची आहे. माझ्या भावाने कॅथलिक मुलीशी लग्न केले आणि तो कॅथलिक झाला. त्याचा बाप्तिस्मा पुन्हा केला नाही, कारण आमचा बाप्तिस्मा आपण ग्राह्य मानता. त्याच्या मुलीच्या बारशाला कानात कुर्र मी केले, नाव मी ठेवले. बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र सांगितले गेले की, मी धर्ममाता होऊ शकत नाही, फार तर साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, तीही दुसरी कॅथलिक व्यक्ती धर्ममातापित्याच्या जागी असेल तरच. ती व्यक्ती कोण, तर वहिनीच्या मावशीची सून, जिने त्या दिवसानंतर बाळ पाहिलेले नाही. बाळाला आंघोळ मी घालते, रात्री "आमच्या स्वर्गातील बापा" मी म्हणून घेते. मग आत्या परकी कशी झाली?

पाचगणीकर:
येथे चर्चा तयारीची चालली आहे. नियम स्पष्ट आहे, भाऊ कॅथलिक होताना त्याला तो माहीत होता. ज्यांना कॅथलिक चर्चमध्ये बोलण्याचा अधिकार हवा आहे त्यांनी कॅथलिक व्हावे. हवे तेव्हा आत आणि नको तेव्हा बाहेर, असे चालत नाही.

मिरजेची आत्या:
आपण माझ्याशी असे बोलू शकता, कारण आपण मला ओळखत नाही. मी परिचारिका आहे. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत सातव्या महिन्यात जन्मलेले एक बाळ आमच्या काचेच्या पेटीत होते. वजन किलोच्या आतले, अंगठ्याएवढा तळवा. आई कॅथलिक होती, तिला उठताही येत नव्हते. फादरांना निरोप गेला होता, परंतु ते पोहोचेपर्यंत बाळ राहील असे डॉक्टरांना वाटत नव्हते. तिने माझा हात धरून विचारले, "सिस्टर, तुम्ही द्याल का?" मी निर्जंतुक पाण्याची सिरिंज घेतली, पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्या कपाळावर तीन वेळा थेंब सोडले. माझा हात कापत होता. ते बाळ जगले. पुढे चर्चमध्ये फादरांनी तेल, पांढरे वस्त्र आणि मेणबत्तीचे राहिलेले विधी तेवढे पूर्ण केले; पाणी पुन्हा ओतले नाही, कारण माझा बाप्तिस्मा त्यांनी खरा मानला.

ज्या हाताने दिलेला बाप्तिस्मा आपल्या नोंदवहीत कायमचा लिहिला गेला, त्या हाताला स्वतःच्या भाचीची जबाबदारी घेता येत नाही. हे मला कोणीतरी समजावून सांगावे. "कॅथलिक व्हा" हे त्याचे उत्तर नाही.

निवृत्त धर्मशिक्षक, वाई:
पाचगणीकरांनी वापरलेली भाषा मला मान्य नाही, त्यांनी ती मागे घ्यावी. ताई, आपण केलेत ते चर्चच्या मनाप्रमाणेच केलेत. निकडीच्या वेळी योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती बाप्तिस्मा देऊ शकते, हे कलम 861 मध्येच आहे. तरीही मी नियमाच्या बाजूने उभा आहे. पाणी ओतणे हे एका क्षणाचे काम आहे आणि ते ख्रिस्ताचे आहे. धर्ममातेचे काम पुढची पंधरावीस वर्षे मुलीला मिस्सेला (चर्चमधील उपासनेला), पापनिवेदनाला आणि दृढीकरणाला घेऊन जाण्याचे आहे. जे संस्कार आपण स्वतः आमच्या चर्चमध्ये घेत नाही, त्यांच्याकडे आपण तिला कसे नेणार?

एवढे मात्र मान्य करतो की, त्या मावशीच्या सुनेनेही नेले नाही, आणि तिची तयारी कोणी घेतली होती का, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. कलम 851 आईवडिलांइतकीच धर्ममातापित्यांचीही तयारी सांगते. आम्ही ती सोयीने विसरलो.

पाचगणीकर:
"हवे तेव्हा आत" हे शब्द मागे घेतो. नियमाविषयीचे मत कायम आहे.

दहिवडीचा बाप:
माझ्या प्रश्नावर परत येतो. सर, सातव्या महिन्याचे आपले म्हणणे कागदावर बरोबर आहे. पण पहिले बाळंतपण माहेरी असते, हे आपण विसरलात. पत्नी सातव्या महिन्यात विट्याला गेली ती बाळ महिन्याचे झाल्यावर परत आली. शिवाय जन्माआधी यायचे असते, हे आम्हाला आजवर एकाही मिस्सेनंतरच्या सूचनांत ऐकू आलेले नाही.

निवृत्त धर्मशिक्षक, वाई:
सूचना दिली जात नाही, हे खरे आहे. सत्तावीस वर्षे मी स्वतः ती कधी दिली नाही.

सातारकर आई:
दादा, टाके ओले असताना आपणा दोघांना परत पाठवले, ते चुकीचेच झाले. मी पहिल्या पत्रात ते लिहायला हवे होते. तीन रविवार साताऱ्यातच झाले पाहिजेत, असा माझा आग्रह नाही. फादरांची परवानगी घेऊन मी आणि माझे यजमान दोन रविवार दहिवडीला येऊ, आपल्या घरी बसू. तिसऱ्या वेळी मात्र आपण चर्चमध्ये या, कारण कोठे उभे राहायचे आणि काय उत्तर द्यायचे, हे तेथेच कळते. येताना थोरल्याच्या वेळचा तो फोटो आणते, मेणबत्तीशिवायचा.

दहिवडीचा बाप:
वर्ग सक्तीचा नसावा, हे माझे म्हणणे आजही तेच आहे. पण आपण येत असाल तर घर आपले आहे. दुपारच्या जेवणाला थांबावे लागेल. एक अडचण आताच सांगतो. धर्ममाता म्हणून आम्ही माझ्या धाकट्या बहिणीला धरले आहे. ती एकोणीस वर्षांची आहे, दर रविवारी मिस्सेला जाते, पण तिचे दृढीकरण राहिले आहे, कारण त्या वर्षी तिची दहावी होती. सर, तिच्या बाबतीत काय करायचे?