सकाळी लिलाव सुरू झाले की ५०४, एनजिनएक्स आणि अ‍ॅप सर्व्हरमध्ये कनेक्शन टाइमआउट, कुणी बघेल का?

उन्हाळकांदा

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले एकाच जागी अडकलेय, आता खरंच काही सुचेना म्हणून इथे टाकतेय. मोठं झालंय, पण सगळंच लिहिते, नाहीतर तेच प्रश्न परत येतील.

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला चार जणांची टीम आहोत. कांद्याचे रोजचे बाजारभाव दाखवायची साइट चालवतो, लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, सिन्नर, सटाणा, असे बरेच बाजार. प्रत्येक बाजारात आमचा एक मुलगा असतो, लिलाव सुरू झाला की तो मोबाइलवरून भाव भरतो आणि शेतकऱ्यांना ते लगेच दिसतात. समोर एक एनजिनएक्स, म्हणजे येणारी रिक्वेस्ट मागे पोचवणारा वेब सर्व्हर, मागे दोन अ‍ॅप सर्व्हर. त्यांच्यावर जँगो (पायथनची वेब चौकट) आणि ते चालवणारं गुनिकॉर्न, ४ कोर आणि ९ वर्कर प्रत्येकी, साधे सिंकवाले, म्हणजे एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणारे. उबुंटू १८.०४, जुनं झालंय माहितीये. डेटाबेस, पोस्टग्रेस, वेगळ्या मशीनवर. सगळं एकाच खाजगी नेटवर्कमध्ये.

दिवसभर काही म्हणजे काही त्रास नाही. सकाळी साडेनऊ-दहाला लिलाव सुरू झाले की साइट लटकते ती साधारण अकरापर्यंत. एरर लॉगमध्ये ही ओळ शेकड्याने येते: अपस्ट्रीम टाइम्ड आउट, ११०, कनेक्शन टाइम्ड आउट, व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम (अपस्ट्रीम म्हणजे मागचे सर्व्हर). ब्राउझरमध्ये ५०४ (मागून वेळेत उत्तर नाही), आणि मधेमधे ५०२ (मागून तुटलेलं उत्तर) पण.

काय काय करून बघितलं: पिंग एकदम स्वच्छ, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. अ‍ॅप सर्व्हरचा सीपीयू १५ टक्क्यांच्या वर जात नाही, मेमरी भरपूर शिल्लक. प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट, म्हणजे एनजिनएक्स मागे जोडायला किती थांबतं ते, आधी ५ सेकंद होता तो ६० केला, त्याने एवढंच झालं की लोकांना ते गोल गोल फिरणारं चक्र जास्त वेळ दिसायला लागलं. गुनिकॉर्न रीस्टार्ट केलं की दहा मिनिटं बरं चालतं, मग परत तेच. होस्टिंगवाले म्हणतात आमचं नेटवर्क ठीक आहे.

अजून एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही. एनजिनएक्सच्या मशीनवरून कर्ल या कमांडने थेट अ‍ॅपच्या ८००० पोर्टला कनेक्ट व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. कधी लगेच होतं, कधी १ सेकंद, कधी ३, दोनदा ७. मधले आकडे येतच नाहीत, २ नाही, ५ नाही.

आत्ता उन्हाळ कांदा बाहेर निघतोय, माणूस ट्रॅक्टर भरून उभा असतो आणि आज लासलगावला न्यायचा का पिंपळगावला हे मोबाइलवर भाव बघून ठरवतो. नेमक्या त्याच तासाला आम्ही बंद असतो, फार वाईट वाटतं.

पंचवटीकर

ताई, मला तरी फायरवॉलचा वास येतोय. दोन गोष्टी बघा. एक, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, एनएफ कनट्रॅक टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट असं काही येतंय का, कारण ते टेबल, म्हणजे फायरवॉलची चालू कनेक्शनांची यादी, भरलं की नवी कनेक्शनं गुपचूप पडतात आणि जुनी चालू राहतात. दोन, एनजिनएक्सच्या मशीनवर टाइम वेटमध्ये, म्हणजे बंद होऊनही मोकळी न झालेली, किती सॉकेट (कनेक्शनची टोकं) आहेत. लिनक्सची बाहेर जायची पोर्टं डीफॉल्टला ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२, आणि प्रत्येक बंद झालेलं कनेक्शन ६० सेकंद तसंच अडकून राहतं. म्हणजे एका अ‍ॅप सर्व्हरच्या एका पोर्टला सेकंदाला साधारण ४७० च्या वर नवी कनेक्शनं गेली की पोर्टं संपली. अपस्ट्रीममध्ये कीपअलाइव्ह, म्हणजे तेच कनेक्शन परत वापरणं, लावलंय का तुम्ही?

जुना_अ‍ॅडमिन

पंचवटीकर, पोर्टं संपली असती तर एरर ११० आला नसता, ९९ आला असता, कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस. आणि तो लगेच येतो, वाट बघायला लावत नाही. कनट्रॅकचं मात्र बघून घ्यायला हरकत नाही.

ताई, तुम्ही शेवटी जे "कामाचं आहे की नाही माहीत नाही" म्हणून लिहिलंय ना, सगळं उत्तर त्यातच आहे. १, ३, ७. लिनक्स कनेक्शन उघडताना एक सिन पॅकेट, म्हणजे जोडणीची पहिली हाक, पाठवतो, उत्तर नाही आलं तर १ सेकंदाने परत, मग २ सेकंद थांबून, मग ४, मग ८, असं दुप्पट करत जातो. बेरीज करा, १, ३, ७, १५. सहा वेळा परत पाठवून १२७ सेकंदांनी नाद सोडतो. म्हणजे तुमचं पहिलं सिन कुठेतरी पडतंय आणि दुसरं तिसरं कधीतरी लागतंय. नेटवर्क खराब असतं तर पिंगमध्येही गळती दिसली असती. पिंग स्वच्छ आणि सिन पडतंय म्हणजे पाडणारं अ‍ॅप सर्व्हरचं कर्नल असायची शक्यता जास्त, आणि ते सिन पाडतं ते अ‍ॅक्सेप्ट क्यू, म्हणजे जोडून झालेली पण वर्करने अजून न उचललेली कनेक्शनांची ओळ, भरली की.

मी मूळचा पिंपळगावचा, म्हणून आपल्या यार्डातलंच सांगतो. गेटमधून आत आलेले ट्रॅक्टर ओळीत उभे असतात, लिलाव पुकारणारे एकेका ट्रॉलीपाशी जातात. ओळीला जागा आहे तोवर गेटवाला आत घेत राहतो, त्याला लिलाव किती सरकला याच्याशी देणंघेणं नसतं. तसंच कनेक्शनची हातमिळवणी कर्नल करतं, गुनिकॉर्न नाही. गुनिकॉर्नचा वर्कर मोकळा झाला की ओळीतला पुढचा उचलतो. सगळे वर्कर कशाततरी गुंतले की ओळ भरते, आणि ओळ भरली की कर्नल गेटवर आलेल्याला "नाही" पण म्हणत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. नाही म्हणालं असतं तर १११, कनेक्शन रिफ्यूज्ड, आला असता. दुर्लक्ष केलं म्हणून ११०.

आता तुमची ओळ किती लांब? गुनिकॉर्न मागतं २०४८, पण कर्नलची सोमॅक्सकॉन ही मर्यादा त्याच्यावर असते आणि १८.०४ च्या कर्नलमध्ये ती १२८ आहे, ५.४ पासून ४०९६ झाली. म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर फक्त १२८.

उद्या सकाळी दहाला अ‍ॅप सर्व्हरवर एसएस -एलएनटी ही कमांड चालवा आणि ८००० ची ओळ बघा. ऐकणाऱ्या सॉकेटला रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता ओळीत किती, सेंड-क्यू म्हणजे ओळीची मर्यादा. १२९ आणि १२८ असं दिसलं तर माझं बरोबर. सोबत एनस्टॅट या कमांडमध्ये लिसन ओव्हरफ्लोज आणि लिसन ड्रॉप्स हे गेटवर पडलेल्या कनेक्शनांचे आकडे वाढतायत का तेही बघा. आणि एरर लॉगमध्ये "व्हाइल कनेक्टिंग" किती आणि "व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर" किती ते वेगवेगळं मोजा, दोन्हीत ११० च असतो म्हणून लोक एकच समजतात. पहिल्यात गेटच्या आतच घेतलं नाही, दुसऱ्यात आत घेतलं पण नंबर लागला नाही.

कनेक्ट टाइमआउट मात्र परत ५ वर आणा आजच. एकाच खाजगी नेटवर्कमध्ये ६० सेकंद कनेक्ट होत नसेल तर ६१ व्याला काय होणार आहे.

रात्रपाळी

जुना_अ‍ॅडमिन यांच्याशी सहमत, फक्त एक जोडतो कारण मी यात दोन महिने घालवलेत. आमच्याकडे सातपूरच्या एका कारखान्यात एनजिनएक्स एकीकडे आणि अ‍ॅप दुसऱ्या प्लांटमध्ये, मधे व्हीपीएन. पिंग चाले, कनेक्ट होई, लॉगिनचं पान येई, पण मोठा रिपोर्ट उघडला की लटके. निघालं एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. १५०० बाइटचं पॅकेट व्हीपीएनमधून जात नव्हतं आणि "छोटं करून पाठव" हे सांगणारा आयसीएमपी निरोप कुणीतरी फायरवॉलवर बंद करून ठेवला होता. साधं पिंग छोटं असतं म्हणून ते कायम पास. तुकडे करू नको असं सांगून १४७२ बाइटचं पिंग मारलं तेव्हा कळलं. पण त्यात एरर कायम रीडिंगवाला यायचा, कनेक्टिंगवाला कधीच नाही, आणि वेळेशी संबंध नव्हता. ताईंचं घड्याळ लावून होतंय, त्यामुळे इथे ते नसणार.

उन्हाळकांदा

जुना_अ‍ॅडमिन दादा, हात जोडते. आज दहा वाजून पाच मिनिटांनी पहिल्या सर्व्हरवर १२९ आणि १२८. दुसऱ्यावर पण तेच. मी आणि माझी सहकारी दोघी स्क्रीनकडे बघतच राहिलो. लिसन ओव्हरफ्लोज डोळ्यासमोर वाढत होते. लॉगमध्ये दोन्ही प्रकारच्या ओळी आहेत, कनेक्टिंगवाल्या जवळजवळ चौपट. डीमेसेजमध्ये कनट्रॅकचं काही नाही.

मग सोमॅक्सकॉन ४०९६ करून टाकू का आजच? म्हणजे मोकळे होऊ.

जुना_अ‍ॅडमिन

थांबा. थोडं वाढवायला हरकत नाही, अचानक गर्दी आली तर उपयोग होतो, पण तुमचं दुखणं ते नाही. ९ वर्कर आहेत, समजा एकेक काम १२ सेकंद धरून बसतंय, तर १२८ व्या माणसाचा नंबर यायला चौदा फेऱ्या, जवळजवळ १७० सेकंद. एनजिनएक्स ६० सेकंदाला सोडून देणार. सोमॅक्सकॉन ४०९६ केली तर आज जे गेटवर परत जातायत ते उद्या आत उभं राहून परत जातील, कनेक्टिंगवाले एरर रीडिंगवाले होतील, एवढंच.

आणि त्यात एक वाईट गोष्ट अशी की कंटाळून ब्राउझर बंद केलेल्या माणसाची रिक्वेस्ट ओळीतच राहते. एनजिनएक्स लॉगमध्ये ४९९ (समोरचा निघून गेला) लिहून मोकळं होतं, पण गुनिकॉर्नला ते कळत नाही, वर्कर ती उचलतो, पूर्ण काम करतो आणि उत्तर घ्यायला कुणीच नसतं. म्हणजे गर्दीच्या वेळी तुमचे निम्मे वर्कर निघून गेलेल्या लोकांसाठी राबत असतील.

खरा प्रश्न असा की सीपीयू १५ टक्के असताना ९ च्या ९ वर्कर कशाची वाट बघतायत. डेटाबेस असेल किंवा बाहेरची कुठली सेवा. पायस्पाय नावाचं हत्यार आहे, चालू वर्करला बंद न करता आत्ता तो कुठल्या ओळीवर उभा आहे ते दाखवतं. सकाळी दहाला पाच-सहा वर्करवर चालवा. गुनिकॉर्नच्या लॉगमध्ये वर्कर टाइमआउट येतोय का तेही बघा, सिंक वर्कर ३० सेकंद अडकला की मास्टर त्याला मारतो आणि तुमचे ते मधले ५०२ तिथून येत असावेत.

उन्हाळकांदा

सापडलं. सकाळपासून जेवले नाही पण सापडलं.

सहापैकी सहा वर्कर एकाच ओळीवर उभे, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला केलेल्या कॉलवर. आमच्या मुलाने भाव भरला की तो सेव्ह करायच्या त्याच रिक्वेस्टमध्ये त्या बाजाराच्या शेतकऱ्यांना एसएमएस जातो, दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलंय ते, तेव्हा तीनच बाजार होते. आता लिलाव सुरू झाले की सगळे बाजार एकदमच भाव भरतात, आणि सकाळी एसएमएसवाल्यांकडून उत्तर यायला १०-२० सेकंद लागतात. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट दिला नाही तर ती कितीही वेळ थांबते, तो दिलेलाच नव्हता. वर्कर टाइमआउटच्या ओळी पण आहेत, दादा म्हणाले तशाच.

पुढचं अजून लागलं मनाला. भाव भरणाऱ्या मुलाला पान लटकलेलं दिसलं की तो परत बटण दाबायचा. दर वेळी अजून एक वर्कर अडकायचा, आणि शेतकऱ्याला तोच भाव दोनदा तीनदा मेसेजमध्ये. आम्हाला वाटायचं एसएमएसवाले डबल पाठवतात, भांडलोय आम्ही त्यांच्याशी यावरून.

पंचवटीकर

ताई छान शोधलंत. मी फायरवॉल म्हणत होतो, चुकलो, पण शिकलो. एसएमएस वेगळा काढा, रेडिसवर कामांची रांग आणि ती मागून उरकणाऱ्या सेलरीचे दोन-तीन वर्कर पुरतील, भाव सेव्ह झाला की लगेच उत्तर द्या, मेसेज मागून जाऊ दे. दुहेरी थांबवायला बाजार, तारीख आणि लिलावाची फेरी यांच्यावर डेटाबेसमध्येच युनिक बंधन (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारं) घाला, बटण बंद करण्यावर विसंबू नका.

जुना_अ‍ॅडमिन

बरोबर. सेलरी बसवायला दोन दिवस लागतील तोवर आजच एक ओळ बदला, त्या कॉलला कनेक्टसाठी ३ आणि उत्तरासाठी ५ सेकंद टाइमआउट द्या, नाही गेला एसएमएस तर नोंद ठेवून पुढे चला. टाइमआउट आला म्हणजे मेसेज गेलाच नाही असं मात्र धरू नका, तिकडे पोचून उत्तरच उशिरा आलेलं असू शकतं, तेव्हा परत पाठवताना आधी विचारून घ्या. आणि भाव भरायचा पत्ता आणि भाव बघायचा पत्ता वेगवेगळ्या गुनिकॉर्नवर ठेवा, एनजिनएक्समध्ये दोन अपस्ट्रीम. भरणारे अडकले तरी बघणाऱ्यांचं पान उघडलं पाहिजे.

उन्हाळकांदा

सहा दिवसांनी लिहितेय. टाइमआउटची ओळ त्याच दुपारी टाकली, दुसऱ्या दिवशी ५०४ दहावीस वर आले. सेलरी शुक्रवारी चालू केलं, शनिवारी दहा वाजता रिसीव्ह-क्यू ० आणि १ च्या मधे. कर्लला एकदाही १ सेकंद लागला नाही. भाव बघायचं गुनिकॉर्न वेगळं केलंय. कनेक्ट टाइमआउट ३ वर ठेवलाय. एसएमएसवाल्यांना फोन करून माफी मागितली.

युनिक बंधन घालताना जुन्या डेटात आधीच दुहेरी नोंदी निघाल्या, त्या साफ करतेय, येवल्याच्या सगळ्यात जास्त आहेत कारण तिथे रेंज कमी आणि मुलगा सारखं बटण दाबायचा. उद्या सोमवार, आवक जास्त असते, साडेनऊला एसएस लावून बसणारे, आकडे इथेच टाकते.