मदत हवी आहे: 'पूर्वापार चालत आलेला'ला इंग्रजीत काय म्हणतात? आजच हवंय

वाटसरू: भारदस्त इंग्रजी हवंय. मी 'इज हॅविंग लाँग हिस्ट्री सिन्स मेनी इयर्स' लिहिलं तर भाऊ हसतोय. गूगल सुचवू नका, बघून झालंय.

निवृत्त मास्तर: भाऊ बरोबर हसतोय. 'इज हॅविंग' नाही, 'हॅज'. 'सिन्स'पुढे ठरावीक साल लागतं, नुसती 'बरीच वर्षं' असतील तर 'फॉर'. आणि चालत काय आलंय? प्रथा असेल तर 'एज-ओल्ड' किंवा 'टाइम-ऑनर्ड', भांडण असेल तर 'लाँग-स्टँडिंग', वाडा-देऊळ असेल तर 'डेट्स बॅक टू' आणि पुढे साल.

लीड्सकर: इकडे सरळ 'डाँकीज इयर्स' म्हणतात. 'फ्रॉम द इयर डॉट'पण चालतं.

चहाबाज: गाढवाची वर्षं? 😀

लीड्सकर: मुळात गाढवाचे कान म्हणे. लांब असतात ना. कान आणि वर्षं, उच्चार जवळपास सारखाच.

निवृत्त मास्तर: त्यांनी भारदस्त मागितलंय, गाढव कशाला आणताय मध्ये?

वाटसरू: 'सिन्स टाइम इमेमोरियल' टाकू का? शेतात जायचा रस्ता आहे हो. शेजारच्याने नांगरलाय.

काळा कोट: मग हे आधी सांगायचं ना! 'टाइम इमेमोरियल'ला इंग्लंडच्या कायद्यात साल आहे. 1275च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ते 1189 ठरलं, पहिला रिचर्ड गादीवर आला ते वर्ष. त्याच्या आधीचं ते इमेमोरियल.

चहाबाज: म्हणजे देवगिरीचा रामदेवराव 1271 चा, तोही अलीकडचाच की!

काळा कोट: आपल्याकडे 1882चा इझमेंट अ‍ॅक्ट, कलम 15. वीस वर्षं उघडपणे, तंटा न होता, हक्काने आणि खंड न पडता वापर असेल तर दुसऱ्याच्या जमिनीतून वाटेचा हक्क (इझमेंट) मिळतो. सरकारी जमीन असेल तर तीस. अनादी काळ वगैरे सोडा, वर्षं लिहा.

बांधावरचा: इंग्रजी राहू द्या, आधी मोजणी आणा. आमचं मोजणीनेच मिटलं.

काळा कोट: मोजणीने हद्द कळते, वहिवाट नाही.

बांधावरचा: आमची कळली.

निवृत्त मास्तर: तहसीलला अर्ज मराठीतच चालतो. इंग्रजी कशाला?

वाटसरू: अर्ज नाही, ईमेल. जमीन घेणारा बेंगळुरूचा, मराठी येत नाही त्याला.

निवृत्त मास्तर: मग साधं लिहा: 'अवर फॅमिली हॅज युज्ड धिस पाथ सिन्स', पुढे साल. साल किती?

वाटसरू: आजोबांपासून.

निवृत्त मास्तर: आजोबा हे साल नव्हे.

काळा कोट: ईमेल पाठवा, पण त्यावर बसून राहू नका. अडवलेला रस्ता मोकळा करायला 1906च्या मामलेदार कोर्ट कायद्यात सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. नांगरला कधी?

वाटसरू: दिवाळीच्या आधी.

काळा कोट: कुठल्या दिवाळीच्या?