मदत हवी आहे: मॉन्सल ट्रेलचे बोगदे आणि बाबांची सायकल

नमस्कार मंडळी,

मी नॉटिंगहॅमला असतो. पुढच्या महिन्यात आई-बाबा इचलकरंजीहून येताहेत. बाबांना इथल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या मॉन्सल ट्रेलवर सायकल चालवायला न्यायचं मनात आहे, पण एका गोष्टीवर गाडी अडलीय.

बाबा सूतगिरणीत फिटर होते. तिन्ही पाळ्यांना सायकलनेच जायचे, पावसात डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हँडलला लावून. चार वर्षांपूर्वी एका टेम्पोने कट मारला आणि ते पडले. तेव्हापासून सायकल जिन्याखाली उभी आहे. आता वय 68, पाय ठणठणीत. त्यांना पुन्हा एकदा मागे न बघता सायकल चालवताना बघायचंय मला.

म्हणून गेल्या रविवारी एकटा जाऊन रस्ता पाहून आलो. 1968 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर हा साडेआठ मैलांचा रस्ता केलाय. बेकवेलपासून ब्लॅकवेल मिलपर्यंत गाड्यांचा त्रास नाही. पायी फिरणारे, कुत्री आणि क्वचित घोडे. बारीक खडी दाबून बसवलेली आहे. बेकवेलहून जाताना अगदी हलका चढ, पायाला जेमतेम जाणवतो, म्हणजे दमल्यावर परतीला उतार मिळतो. सायकली वाटेवरच्या जुन्या हॅसॉप स्टेशनवर भाड्याने मिळतात.

अडचण बोगद्यांची. 2011 साली ते लोकांसाठी उघडले. हेडस्टोन बोगदा जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा. दिवसा आत दिवे असतात, पण बाहेरच्या उन्हातून शिरलो तेव्हा मलाच समोरच्या बाईच्या हातातली कुत्र्याची दोरी दिसली नाही. वरून थेंब मानेवर पडत होते. आणि बाहेर पडलो तो थेट उंच पुलावर, खाली वाय नदी! बाबांचं जानेवारीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. अंधारात शिरलं की त्यांना काही क्षण काहीच दिसत नाही.

पुढे लिटन मिल लागते, नदीकाठची जुनी सूतगिरणी. आता तिथे लोक राहतात, पण एकेकाळी लंडनहून आणलेली अनाथ मुलं तिथे राबायची. ज्याच्या हालांची कहाणी पुढे पुस्तकात छापली गेली, तो रॉबर्ट ब्लिंको त्यांतलाच. ही इमारत बाबांना दाखवायचीच आहे. पण बेकवेलकडून तिथवर हेडस्टोन, क्रेसब्रुक आणि लिटन असे तीन बोगदे पार करावे लागतात. पलीकडच्या बाजूने, मिलर्स डेलहून निघालो तर एकही नाही, पण मला तिथे भाड्याच्या सायकली दिसल्या नाहीत. म्हणजे गाडीवर कॅरियर लावून सायकली न्यायच्या.

विचारायचंय ते असं:

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुणी वडीलधाऱ्यांना या बोगद्यांतून नेलंय का? तोंडाशी उतरून, डोळे सरावेपर्यंत थांबून, मग सायकल हातात धरून चालत नेलं तर जमेल का? डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारणार आहेच, पण प्रत्यक्ष अनुभव हवाय.

दुसरं, आईचा गुडघा दुखतो, ती सायकल चालवत नाही. बोगद्याच्या वरच्या मॉन्सल हेड या ठिकाणाहून पुलाकडे उतरणारी पायवाट मला तिच्यासाठी फार तीव्र वाटली. तिला बसवून नेता येईल अशी तीनचाकी कुणी भाड्याने घेतली आहे का? तिला कॅफेत एकटं बसवून आम्ही दोघांनी पुढे जावं, हे मला पटत नाही.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर आजपासूनच जिन्याखालची सायकल पुसायला घेतील.